करवंटीभर कोंडा

ती गेली तेव्हा मी गोठ्यात होतो. सकाळचं आंबोण, म्हणजे कोंडा, पेंड नि मीठ घालून शिजवलेली म्हशीची पेज, चुलीवरून उतरवून आणलं होतं आणि ते हाताला सोसेल इतकं निवायची वाट बघत उभा होतो. जनी, माझी सून, पडवीतून आली नि दाराशी थांबली. म्हणाली, "मामा, आत्या गेल्या." मी म्हटलं, "दूध काढून घे आधी." एवढ्या एका बोलण्यावरून गावात माझी छी-थू झाली. शेजारचा धोंडू दहाव्याला तोंडावर बोलला, "बायकू मेली नि ह्याला दूध सुचतंय." बोलू दे. मी आत मेलेला असतो नि ती गोठ्यात असती, तर तीही हेच बोलली असती, आणि वर आंबोण निवतंय म्हणून ओरडली असती. खरं सांगायचं तर त्या दिवशी दूध निघालंच नाही. जनीने कास धुतली, आचळ ओढून ओढून तिचे अंगठे दुखले, पण चांदरी, आमची म्हैस, पडवीकडे तोंड करून उभी राहिली ती राहिलीच. घमेल्यात तोंडसुद्धा घातलं नाही तिने...

आता दीड महिना होत आला. तुमच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत गेलेल्या माणसांवर लेख येतात ते आमच्या शाळेतले गुरुजी पारावर वाचून दाखवतात. त्यात गेलेली प्रत्येक बाई प्रेमळ असते, देवभोळी असते, अन्नपूर्णा असते. आमची भागी प्रेमळ नव्हती. देवापुढे दिवा लावायची तो सुद्धा वात आखडून. आणि अन्नपूर्णा तर ती नव्हतीच नव्हती. अशा बायकाही मरतात, त्यांच्यावर कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहायला बसलो. माझं शिक्षण मराठी तिसरी. ऱ्हस्वदीर्घ गुरुजींनी बघितलंय, बाकी शब्द माझेच आहेत, ते त्यांनी गोड करायला घेतले तेव्हा मी कागद परत मागितला.

आमचं गाव देवरुखाच्या बाजारापासून दोन डोंगर आत. इकडे गुरं पोसायची म्हणजे काय, ते घाटावरच्या माणसाला कळायचं नाही. त्यांच्याकडे कडबा असतो. आमच्याकडे भाताचा पेंढा आणि कातळावरचं गवत. गवत दिवाळीपर्यंत बरं असतं, शिमग्यानंतर त्यात नुसती काडी राहते. वैशाखात गुरं इतकी खंगतात की बसलेला बैल आपणहून उठत नाही, चार माणसांनी पोटाखाली बांबू घालून त्याला उभा करावा लागतो. पाय थरथरतात, मग जरा सावरतो, मग दिवसभर उभाच राहतो, कारण त्यालाही ठाऊक असतं की बसलो तर पुन्हा उठायचं नाही. ज्याच्या घरात जेमतेम कोंडा आहे त्याने तो कुणाच्या तोंडात घालायचा, हे ज्याला कळतं त्याचीच गुरं पावसाळा बघतात. भागीला ते कळत होतं. आमचा बैल तिच्या हयातीत एकदाही बांबूने उठवावा लागला नाही. कारण जो उठणार नाही असं तिला माघातच दिसायचं, त्याला ती माघातच बाजाराला घालवायची.

तिचं माप म्हणजे एक करवंटी. मोठ्या नारळाची, कडा दगडावर घासून गुळगुळीत केलेली, आतून वापरून काळी झालेली. दुभत्या म्हशीला भरभरून करवंट्या. नांगराच्या बैलांना लावणीच्या दिवसांत उकडलेले कुळीथ, आणि चिखल उरकला की दुसऱ्या सकाळपासून नुसता पेंढा. बैल चार दिवस गव्हाण हुंगत राहायचे, माझ्याकडे बघायचे. मी एकदा म्हटलं, "अगो, कालपर्यंत खात होता तो." ती म्हणाली, "कालपर्यंत ओढत होता." तिचं एकच म्हणणं असायचं, भाकडाला कोंडा नाय. शेणाचा पो बघून ती सांगायची, हिला पाणी कमी पडलंय, ह्याला पेंड बाधलीय. पण जनावराच्या अंगावरून हात फिरवताना मी तिला कधी पाहिली नाही. फिरवायची तो फासळ्या मोजायला.

हे ती माहेराहून शिकून आली नव्हती. माझ्या आईने शिकवलं. आमचा पहिला मुलगा झाला तेव्हा आई तिला मेथीची पेज द्यायची, वर खोबरं, वर तुपाची धार. सासू असावी तर अशी, असं आळीतल्या बायका म्हणायच्या. मूल दात यायच्या आधीच तापाने गेलं. त्याला पुरून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी भागीच्या पुढ्यात नुसती पेज आली, मिठाशिवाय. तिने विचारलं, "आत्या, मेथी?" आई म्हणाली, "आता कुणाला पाजायचाय?" तेव्हा भागीची चोळी दुधाने भिजत होती. ती पेज प्यायली, भांडं घासून पालथं घातलं. नंतर मुलगा झाला, जगला, आता मुंबईला गिरणीत आहे. मेथी पुन्हा आली, खोबरं आलं. पण भागीने ती एक सकाळ गिळली नव्हती, गालात धरून ठेवली होती.

एकोणीसशे वीस-बावीस सालाकडे आईची नजर गेली आणि घरातली करवंटी भागीच्या हातात आली. मग आईला अर्धी पेज. आई हाताने भांडं चाचपून बघायची, बोट बुडवून किती आहे ते बघायची. म्हणायची, "भागे, वाईच वाढ गो." भागी विचारायची, "आत्या, आज काम काय केलात?" ओरडून नाही, बाजारात भाव विचारावा तशी. शेवटी आई झावळ्यांचे हीर काढायला बसू लागली. आंधळ्या बाईच्या हातात कोयता. बोटं कापायची, चिंधी बांधायची, पुन्हा बसायची. केरसुणीपुरते हीर झाले की उरलेली अर्धी पेज मिळायची. मला बघवलं नाही तेव्हा मी माझ्या पानातला भात आईच्या पानात सारला. भागीने बघितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पानात तेवढाच भात कमी. मी म्हटलं, "हा काय?" तर म्हणाली, "काल तुमाला जास्त झाला होता ना?" मी भांडलो, ताट भिरकावलं, तिने भात वेचून कोंबड्यांना घातला. कोंबड्या त्या वेळी अंड्यावर होत्या. आई गेली तेव्हा मांडीवर हिरांचा जुडगा होता. भागीने त्याची केरसुणी बांधली आणि तेराव्याला त्याच केरसुणीने घर झाडलं.

असं असूनही मी तिला हाकलली का नाही, असं कुणी विचारील. हाकलून घर कुणी चालवलं असतं? आमच्या आळीत मुलं उपाशी निजली त्या साली आमच्या घरात पेज होती. आणि दुसरं असं की ती स्वतः काय खाते हे मला कधी कळलंच नाही. सगळ्यांचं झालं की चुलीकडे तोंड करून बसायची, खरवडल्याचा आवाज यायचा, उठायची. तेवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला जेवताना समोरून पाहिली नाही.

चांदरी आमच्या गोठ्यात आली तिसाव्या सालाच्या पुढेमागे. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदरी. पहिल्या वेताला तिला रेडा झाला. रेडकाचं नशीब आमच्याकडे कुणालाही विचारा. त्याला तोंड लावू द्यायचं ते म्हशीने पान्हा सोडण्यापुरतं, आणि सोडला की कान धरून ओढून बाजूला बांधायचं. दूध देणार नाही, ओढायला मोठं होईपर्यंत कोण पोसणार? भागीने त्याला धड मारलाही नाही, धड जगवलाही नाही. ते भिंतीची माती चाटायचं, दावं चघळायचं. शेवटी पोट मातीने फुगून मेलं. आणि चांदरीने पान्हा चोरला. कास दगडासारखी, आणि थेंब खाली येईना. तेव्हा भागीने त्या रेडकाचं कातडं सोलवून आणलं, वाळवलं, आत पेंढा भरला, बांबूचे चार पाय केले आणि म्हशीच्या पुढ्यात उभं केलं. त्याला वास बरा नव्हता. मी म्हटलं, "ती काय येडी हाय? मेलेला पोर तिला कळत नाय?" भागीने मुठीत मीठ घेतलं, पाण्यात कालवलं, कातड्याला चोळलं. चांदरीने हुंगलं, एक पाऊल मागे गेली, पुन्हा हुंगलं आणि चाटायला लागली. खाली चरवीत धार वाजली. भागी म्हणाली, "बघा. माया नाय नि काय नाय. तिला मीठ हवाय, आपल्याला दूध." ते पेंढ्याचं रेडकू चाटून चाटून त्याच्या पाठीवरचे केस गेले तरी चांदरी दूध देत राहिली...

याच सुमाराला जनी सून म्हणून आली. मुलगा मुंबईला, गणपतीला नि शिमग्याला येणार, आठ दिवस राहणार, जाणार. पोर होईना. आणि भागीच्या लेखी पोर न होणारी सून कुठल्या दावणीची, ते मी वेगळं सांगायला नको. भाताच्या टोपात करवंटी अर्धी बुडायची. जनी खालमानेने खायची आणि शेतावर बांधाची अळूची पानं उकडून खायची, घसा खाजवत घरी यायची. एका गणपतीनंतर तिला दिवस राहिले, तर दुसऱ्या दिवसापासून करवंटी भरून, वर तूप. जनीला वाटलं सासू बदलली. पायाला हात लावायला गेली. भागी म्हणाली, "माझ्या पाया पडू नको, खा. पोटातला मागतोय." मुलगी झाली. पोरगी अंगावर पीत होती तोवर करवंटी भरलेली, आणि पोरगी भात खायला लागली त्या दिवशी पुन्हा अर्धी. जनी त्या दिवशी पहिल्यांदा बोलली, "आत्या, मी म्हस नाय." भागी म्हणाली, "म्हस असतीस तर अजून वरीसभर दूध दिला असतंस."

गेल्या दिवाळीत, भात घरात आलं नि भागीचं अर्धं अंग गेलं. उजवा हात, उजवा पाय, तोंड एका बाजूला ओढलेलं. वाचा राहिली, जरा जड झाली एवढंच. करवंटी जनीच्या हातात गेली. आळीतल्या बायका दोन दिवसांतच पाणवठ्यावर बोलायला लागल्या, आता बघा, आता सुनेची पाळी. मलाही तेच वाटलं. मी मनाशी धरूनच चाललो होतो की आईचं भागीला मिळणार. अर्धी पेज, आणि डाव्या हाताने हीर काढ म्हणून समोर झावळ.

भागीने एकच मागणं केलं. बाज पडवीच्या त्या टोकाला हवी, जिथे पडवी नि गोठा यांच्यामध्ये भिंत नाही, नुसती बांबूच्या कामट्यांची ताटी आहे. ताटीला लागूनच पलीकडे चांदरीची गव्हाण. "रवंथ ऐकला म्हणजे मला झोप लागेल," म्हणाली. आम्ही बाज तिथे टाकली. सकाळ-संध्याकाळ दूध काढायच्या वेळेला जनी तिच्यापुढे ताट ठेवायची. भरलेली करवंटी भात, कुळथाची पिठी, कधी ताकाची कढी. मी स्वतः बघितलं, करवंटी भरलेली असायची, वर शीग असायची. भागी म्हणायची, "ठेव नि जा. माझ्या तोंडाकडे बघत बसू नको. दुधाची वेळ झाली." जनी जायची, म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसायची, धार काढायची, परत यायची तो ताट लख्ख. आणि भागी वाळत चालली. खांदे वर आले, गळ्याचं कातडं लोंबलं, डोळे आत. वैद्य म्हणाले, अन्न अंगी लागत नाही. गावाने सांगितलं, लागेल कसं, घातलं तर लागेल. धोंडूची बायको मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "जनीने उट्टा काढलान बरोबर." चांदरीचं दूध मात्र वाढलं होतं. आटायच्या दिवसांत वाढलं होतं. जनी खुशीत होती, तिला वाटलं तिच्या हाताला गुण आला.

मी जनीला गाठलं, दटावलं. तिने भांडं आपटलं. "मामा, ताट मोकळाच येतो परत. मी काय त्यांच्या पोटात हात घालून बघू? अर्ध्या करवंटीवर मी दिवस काढलेत, तुमी पानावर बसून बघत होतात. तेव्हा नाय कुणी विचारलात."

तिचं खोटं नव्हतं. पण माझा संशय गेला नाही. एका संध्याकाळी मी शेतावरून वेळेआधी आलो, मागच्या दाराने पडवीत शिरलो. भागी ताटीकडे वळून बसलेली. मांडीवर ताट. डाव्या हाताने भाताचा गोळा करत होती, एका हाताने, सावकाश, पोळीचा लाडू वळावा तसा गोल. तो तिने कामट्यांच्या फटीतून पलीकडे धरला. पलीकडून काळं नाक आलं, जीभ आली, गोळा गेला. मग जीभ तिचा तळवा चाटत राहिली, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर. तिकडे चरवीत धार वाजत होती. दुसरा गोळा. तिसरा. भागीच्या वाकड्या तोंडावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. हसू म्हणावं तर तोंड वाकडं होतं.

मी म्हटलं, "अगो, काय करतंस?"

"दिसत नाय? आईसारखे आंधळे झालात?"

"तू खात नायस. सगळा तिला घालतंस."

"एक बाजू मेलेली, दुसरी मरायची हाय. कोंडा कुठं घालायचा ते तुमाला अजून शिकवायला हवा?"

"तू जनावर हायस काय?"

"जनावर असते तर बाजाराला तरी नेलात असता," ती म्हणाली आणि चौथा गोळा वळायला घेतला. "जनीला सांगू नका. ती माझ्यापेक्षा वाईट हाय, जेवायला घालील."

मी सांगितलं. त्याच वेळी, गोठ्यात जाऊन, दूध चरवीत असतानाच. जनी उठली. मला वाटलं रडेल नाहीतर शिव्या देईल. तिने चरवी झाकली, हात धुतले, पडवीत आली आणि ताटात उरलेला भात कालवून भागीच्या तोंडाशी धरला. भागीने दात आवळले. जनीने गाल दाबले. दात तसेच. भात हनुवटीवरून ओघळला. जनी मला म्हणाली, "मामा, नळकांडा आणा." गुरांना औषध पाजायचं बांबूचं नळकांडं, एका बाजूने तिरकं कापलेलं, गोठ्याच्या वळचणीला खोचलेलं असतं. मी आणलं. जनीने ते गरम पाण्याने धुतलं, पेज ओतली. "मान धरा." मी मान धरली. हातात हाडं लागली नुसती. जनी ओठाच्या कोपऱ्यातून नळकांडं आत सारत म्हणाली, "दातांत नाय, गालात सोडायची. जीभ दाबायची नाय, ठसका लागतो. तुमीच शिकवलात ना, आत्या?" भागी डावा हात आपटत होती, माझ्या तोंडावर एक बसला. पेज गेली. अर्धी बाहेर, अर्धी आत. घशाची गाठ वरखाली झाली. डोळ्यांतून पाणी आलं. मग दम खाऊन ती बोलली, "निवलेली होती. जनावराला पण कोमट देतात."

जनी म्हणाली, "उद्या कोमट देईन."

आणि दिली. रोज दोन्ही वेळा. मी मान धरायची, तिने पाजायची. कधी दूध, कधी पेज, कधी कढी. ठसक्याचा आवाज आळीभर जायचा, तेव्हा धोंडू कुंपणाशी येऊन उभा राहायचा, आणि गावात झालं की सून म्हातारीला नळकांडा घालून मारतेय. मी जनीला एकदा विचारलं, "तुला काय पडलंय एवढं? हिने तुला काय कमी छळली?" जनी नळकांडं धूत होती. म्हणाली, "मरू दे की. पण भरल्या पोटाने मरू दे. उपाशी मेली तर तीच जिंकली."

एक गोष्ट मात्र जनीला करावी लागली. धार काढायच्या वेळेला भागीच्या हातात एक गोळा द्यावा लागायचा, कारण त्या हाताशिवाय चांदरी आता पान्हा सोडेना. पेज सासूच्या गळ्यात, गोळा सासूच्या हातात, असा हिशेब दोघींनी न बोलता ठरवला. भागीच्या अंगावर थोडं मांस आलंसुद्धा. पण दुसरी बाजू मरायची होती ती पौषात मरायला लागली. जायच्या आदल्या संध्याकाळी तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही घरचं बोलेल, मुलाचं विचारील, माझं विचारील... म्हणाली, "चांदरीला माझ्या हाताची सवय लागलीय. हळूहळू मोडा. एकदम तोडलात तर आटेल." बैलाचे कुळीथ एका रात्रीत तोडणारी बाई. माझ्या आईची पेज तोडणारी. मी म्हटलं, "बरं." तेवढंच बोलणं झालं. सकाळी मी गोठ्यात होतो, ते वर लिहिलंच आहे.

हळूहळू मोडायला वेळच मिळाला नाही. सुतकात आमचं दूध कुणी घेणार नव्हतं, पण काढायला तर हवं. चांदरी ताटीकडे तोंड करून उभी. कामट्यांना नाक लावून फुरफुरायची. आंबोण तसंच आंबायचं, पेंढ्याला तोंड नाही. कास सुजली, हात लावला की लाथ. मी ताटीच्या अलीकडे बसून भाताचा गोळा धरला. तिने माझा हात हुंगला नि तोंड फिरवलं. जनीने धरला, तिचाही नको. मुलगा मुंबईहून दहाव्याला आला तो म्हणाला, म्हस विकून टाका, नाहीतरी आटतेय. आता आटली म्हणजे भाकड झाली, आणि भाकडाचं या घरात काय होतं ते म्हशीला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. नातीला दूध नव्हतं, ती पेज पिऊन चिडचिडत होती. बाजाराचा दिवस ठरला.

बाजाराच्या आदल्या सकाळी मी उठून पडवीत आलो तर भागी बाजेवर बसलेली. पाठमोरी. हिरवं जुनं लुगडं, डोक्यावर पदर, डावा हात कामट्यांच्या फटीशी. माझे पाय तिथेच राहिले. पुढे झालो तेव्हा दिसलं, चोळीच्या बाहीतून पेंढ्याच्या काड्या बाहेर आल्या होत्या, आणि हाताच्या जागी चिंधीने बांधलेली करवंटी. तीच, काळी, गुळगुळीत. करवंटीत भाताचा गोळा. तिची सगळी लुगडी धर्माला दिली होती, हे एक लुगडं जनीने मागे ठेवलं असणार. जनी गोठ्याच्या दारात चरवी घेऊन उभी होती, रात्रभर न निजलेली. म्हणाली, "मामा, रागावू नका. पोरीला दूध हवाय."

पलीकडून चांदरीचं नाक फटीशी आलं. हुंगलं. एक पाऊल मागे गेली.

मी जनीला विचारलं, "मीठ लावलंस?"

"नाय."

मी स्वयंपाकघरात गेलो, मूठभर मीठ आणलं, पाण्यात कालवलं आणि करवंटीला, चिंधीला, बाहीला चोळलं. लुगड्याला अजून तिचा वास होता, धुराचा नि कोंड्याचा. चांदरीने पुन्हा हुंगलं. आधी गोळा घेतला, मग करवंटी चाटली, मग मनगट असतं ती जागा. जनी खाली बसली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग चरवीच्या बुडावर धार वाजली.

म्हस विकली नाही. गावात आता नवीन बोलणं सुरू झालंय, म्हाताऱ्याने बायकोचं भुताडं करून बसवलंय म्हणून. धोंडू संध्याकाळी आमच्या पडवीवरून जात नाही. दोन्ही वेळा मीठ मीच लावतो, जनीच्या हाताला ती सवय नाही. पेंढा दाबला जातो, आठ-पंधरा दिवसांत खांदा खाली येतो, मान कलते, तेव्हा सोडून पुन्हा भरावा लागतो. परवा भरायला घेतला. हात भरले, खांदे भरले, तिच्या बेतानेच भरत होतो, आणि कमरेशी आलो तेव्हा पेंढ्याच्या उडवीवरून आणखी एक पेंढी काढून आणली... या खेपेला पोट भरून केलं.